खरकटे भांडे कोणाच्या हाती?

(नागरी वस्तीतील एका कुटुंब मेळाव्यात ‘घरातील प्लॅस्टिक आणि नागरिक कर्तव्य’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



मराठी घरांत एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. शेजारच्या घरातून वाटीभर आमटी किंवा डबाभर लाडू आले, तर ते भांडे खरकटे परत जात नाही. ते घासले जाते, पुसले जाते आणि बहुतेक घरांतून रिकामेही परत जात नाही; त्यात चिमूटभर साखर तरी घातली जाते. ही रीत मोडल्याबद्दल कोणी दंड करीत नाही. तरीही शाळेची पायरी न चढलेल्या आजीपासून उच्चशिक्षित सुनेपर्यंत सर्वजणी ती पाळतात. भांडे दुसऱ्याचे आहे आणि ते दुसऱ्याच्या हाती जाणार आहे, याचे भान त्या घराला असते.

आजच्या विषयाचा सारा आशय या एका रीतीत सामावलेला आहे. तेलाची बाटली, श्रीखंडाचा डबा, दह्याचा पेला, शाम्पूची कुपी, उपाहारगृहातून भाजी घेऊन आलेला काळा डबा ही सारी भांडीच आहेत. रिकामी झाल्यावर तीही कोणाच्या तरी हाती जातात. फरक इतकाच, की त्या हातांच्या मागचा चेहरा घराला दिसत नाही. चेहरा दिसत नाही, म्हणून शेजारणीची वाटी घासणारे घर दह्याचा पेला मात्र खरकट्यासह कचऱ्याच्या डब्यात टाकते. प्लॅस्टिकचा पुनर्वापर कारखान्यात होतो, असे समजले जाते. वस्तुतः तो होणार की नाही, याचा निर्णय स्वयंपाकघरातील मोरीपाशीच झालेला असतो.

कालची बरणी, आजचा डबा

दोन-तीन पिढ्यांपूर्वी तेल आणायला घरची किटली दुकानात जात असे. लोणचे चिनी मातीच्या बरणीत मुरत असे. दुधाचा रतीब घरच्या पातेल्यात पडत असे. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडे देऊन जाई आणि रद्दीवाला कागद तोलून नेई. त्या घरात ‘कचरा’ म्हणून जे उरत असे, ते बहुतांशी उकिरड्यावर कुजून शेतात परत जाणारे असे. त्या काळी पर्यावरण हा शब्द व्यवहारात नव्हता; पण वस्तूला अखेरपर्यंत वापरण्याचा संस्कार मात्र होता.

तो संस्कार आजही पूर्णपणे नष्ट झालेला नाही. अनेक घरांच्या फडताळात रिकाम्या बरण्या आणि डबे ओळीने मांडून ठेवलेले दिसतात. परंतु घरात येणाऱ्या प्लॅस्टिकचे प्रमाण फडताळाच्या कितीतरी पटींनी वाढले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वार्षिक अहवालानुसार २०२०-२१ या एका वर्षात देशात सुमारे ४१ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे सामान्य माणूस हतबल होतो आणि सारा भार शासनावर टाकून मोकळा होतो. मात्र हा आकडा एकेका घरातील एकेका डब्यानेच झालेला आहे, याचे विस्मरण होऊ नये.

जपून ठेवण्याच्या संस्कारालाही विवेकाची जोड हवी. कीटकनाशक, फिनेल, आम्ल वा रंग ज्यात होता, तो डबा कितीही घासला तरी अन्नासाठी वापरू नये. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतील माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ बालकांचा मृत्यू झाला. स्वयंपाकाचे तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवल्याचे चौकशीत पुढे आले होते. काटकसर हा सद्गुण आहे; पण कोणता डबा ठेवावा आणि कोणता घराबाहेर काढावा, हे न कळता केलेली काटकसर जिवावर बेतते.

एक नाव, अनेक पदार्थ

‘प्लॅस्टिक’ हे एका पदार्थाचे नाव नाही. तांबे, पितळ, लोखंड आणि ॲल्युमिनियम या सर्वांना ‘धातू’ म्हणतात, तसेच हे आहे. तांबे आणि लोखंड एकत्र वितळवून चांगले भांडे घडत नाही. वेगवेगळी प्लॅस्टिकेही एकत्र वितळवली की त्यातून दर्जेदार काही निर्माण होत नाही. म्हणून डब्याच्या किंवा बाटलीच्या बुडाशी त्रिकोणी खुणेत १ ते ७ यांपैकी एक अंक छापलेला असतो. ही अंकपद्धती अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये आणली आणि पुढे ती जगभर रूढ झाली.

१ म्हणजे पेट. पाण्याच्या, शीतपेयांच्या आणि खाद्यतेलाच्या पारदर्शक बाटल्या याच्या असतात. २ म्हणजे एचडीपीई. शाम्पू, फिनेल आणि कपडे धुण्याच्या द्रवाच्या जाडसर, अपारदर्शक बाटल्या यात मोडतात. ३ म्हणजे पीव्हीसी, ज्याचे नळ घरोघरी बसवलेले असतात. ४ म्हणजे एलडीपीई. दुधाची पिशवी ही याची नित्याची ओळख. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. श्रीखंड व आइस्क्रीमचे डबे, बाटल्यांची अनेक झाकणे आणि उपाहारगृहांतून येणारे बरेचसे डबे याचे असतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्माकोल हे त्याचेच फुगवलेले रूप. ७ या अंकात उरलेले सारे येते. पाण्याचे २० लिटरचे टणक जार आणि अनेक पदार्थांचे थर एकमेकांवर चिकटवलेली वेष्टने यातच गणली जातात.

येथे एक व्यापक गैरसमज दूर करावयास हवा. बाणांचा तो त्रिकोण म्हणजे ‘याचा पुनर्वापर होतो’ असे प्रमाणपत्र नव्हे. ती केवळ पदार्थाची जात सांगणारी खूण आहे. १, २ आणि ५ या अंकांच्या मालाला बहुतेक गावांत गिऱ्हाईक असते. दुधाच्या पिशव्याही स्वच्छ असतील तर घेतल्या जातात. ६ आणि ७ या अंकांच्या पुष्कळशा वस्तूंना मात्र अनेक ठिकाणी कोणी हात लावीत नाही. आपल्या गावात काय घेतले जाते, याचे उत्तर बाटलीच्या बुडाशी छापलेले नसते. ते जवळच्या भंगारवाल्यापाशी असते. त्याला एकदा विचारून घेणे हा या विषयाचा पहिला अभ्यास होय.

मोरीपासून दाण्यापर्यंत

घराबाहेर पडलेल्या बाटलीचा प्रवास पाहिला, म्हणजे स्वच्छतेचे महत्त्व पटते. कचरावेचक भगिनी ती बाटली वेगळी काढते. तिच्याकडून ती वस्तीतील भंगाराच्या दुकानात जाते, तेथून ठोक व्यापाऱ्याकडे आणि पुढे पुनर्वापर करणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांकडे. मुंबईतील धारावी हे या उद्योगाचे देशातील एक मोठे केंद्र आहे. तेथील कारागीर माल हाताने निवडतात. अंक पुसला गेला असेल तर तुकडा वाकवून पाहतात, आपटून त्याचा आवाज ऐकतात, प्रसंगी कोपरा पेटवून धुराच्या वासावरून जात ओळखतात. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेले हे पदार्थविज्ञान आहे. त्यासाठी तो धूर त्यांच्या छातीत जातो, हेही विसरता कामा नये.

जात आणि रंग यांनुसार निवडलेला माल यंत्रात भरडला जातो, धुतला जातो, वाळवला जातो आणि वितळवून त्याच्या बारीक शेवया काढून त्यांचे तुकडे केले जातात. या तुकड्यांना बाजारात ‘दाणा’ म्हणतात. दाण्यापासून बादल्या, खुर्च्या आणि कुंड्या तयार होतात. पेटच्या तुकड्यांपासून धागा काढला जातो. उशीत भरला जाणारा कृत्रिम कापूस आणि वस्त्रे त्यातून बनतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी संसदेत जे निळे जाकीट घालून आले होते, ते टाकाऊ पेट बाटल्यांपासून केलेल्या कापडाचे होते.

या प्रवासातील विघ्ने मात्र घरातूनच निघालेली असतात. भरडलेला माल पाण्याच्या टाकीत सोडला, की पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनचे तुकडे तरंगतात आणि पेट बुडते. अशी त्यांची निवड होते. परंतु पीव्हीसीचे वजन पेटच्या जवळपास असल्याने तेही बुडते आणि त्यातच मिसळून राहते. पेट वितळण्यास सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेवढ्या तापमानात पीव्हीसीचे विघटन होऊन आम्लाची वाफ निघते आणि भोवतालचा चांगला मालही पिवळा पडून ठिसूळ होतो. तेलाचा ओशटपणा आणि कुजलेले अन्न यांचाही असाच परिणाम होतो. दाण्याला वास येतो, त्याचा रंग काळवंडतो आणि भाव उतरतो. ओल्या कचऱ्यात चार दिवस पडून राहिलेला डबा उचलण्याजोगाही राहत नाही. ज्याची वस्तू होऊ शकली असती, त्याचा कचराच होतो.

पाच मिनिटांची शिस्त

मग घरात नेमके काय करावे? त्यासाठी कोणत्याही खर्चाची किंवा यंत्राची आवश्यकता नाही.

पहिली गोष्ट, डबा पूर्ण रिकामा करावा. तळाशी उरलेले लोणचे वा श्रीखंड चमच्याने काढून ओल्या कचऱ्यात टाकावे. तेलाची बाटली काही वेळ उलटी धरून निथळू द्यावी.

दुसरी गोष्ट, डबा विसळावा. त्यासाठी पिण्याचे पाणी दवडू नये. महाराष्ट्राच्या अनेक तालुक्यांत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. तेथे प्लॅस्टिक धुण्यासाठी स्वच्छ पाण्याची धार सोडणे हा नवा अपराध ठरेल. भांडी घासल्यानंतर विसळण्याचे जे पाणी उरते, तेच पुरेसे आहे. डबा आरशासारखा लख्ख करण्याचे कारण नाही. त्यात अन्न आणि ओशटपणा राहू नये, एवढेच पुरे.

तिसरी गोष्ट, तो पालथा घालून वाळू द्यावा. ओला माल साठवला की त्यावर बुरशी येते आणि त्यासोबत ठेवलेले कागदही वाया जातात.

चौथी गोष्ट, बाटली चेपून तिला पुन्हा झाकण लावावे. सुटे झाकण हमखास हरवते आणि गटारात जाते. बाटलीसोबत गेले, तर पुढे ते हाताने किंवा पाण्याच्या टाकीत वेगळे निघते. चेपलेल्या बाटलीत कोणी नळाचे पाणी भरून ती नवी म्हणून विकूही शकत नाही. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये. तो इवलासा त्रिकोण कोणाच्याही हाती लागत नाही आणि मातीत मिसळून राहतो.

पाचवी गोष्ट, वर्गवारी. वाळलेले प्लॅस्टिक सुक्या कचऱ्याच्या पिशवीत साठवून आठवड्यातून एकदा द्यावे. कीटकनाशकांच्या व रंगांच्या डब्यांना, औषधांना आणि सुयांना त्यात स्थान नाही; ते वेगळे बांधून, तोंडी सांगून द्यावे. वापरलेली सॅनिटरी पॅड व लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून निराळे ठेवावेत, म्हणजे उचलणाऱ्या हातांना आत काय आहे ते कळते.

आणि एक निषेध. प्लॅस्टिक जाळू नये. ग्रामीण भागात सकाळी बंब पेटवताना काटक्यांबरोबर पिशवी घालण्याची सवय पडलेली आहे. शहरांत पानगळीच्या ढिगाबरोबर बाटल्या पेटवल्या जातात. प्लॅस्टिकच्या, त्यातही पीव्हीसीच्या, धुरात अत्यंत घातक विषारी वायू असतात आणि तो धूर प्रथम शिरतो तो बंबाजवळ बसलेल्या आजीच्या आणि नातवाच्या श्वासात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून दंडाची तरतूद केली. पण दंडाचे भय नसतानाही घरच्या माणसांसाठी ही सवय मोडली पाहिजे.

पंगत आणि पंगतीनंतर

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळले पाहिजे. घरातून निघालेला मिश्र कचरा अखेरीस कोणाच्या हाती जातो? पुणे शहरातील कचरावेचकांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतील बहुतेक अनुसूचित जातींतील आहेत. त्यांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. त्यातून आकाराला आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम करू लागली. विचारांची वाट कोणतीही असो, या भगिनींनी स्वकष्टाने मिळवलेली ही प्रतिष्ठा प्रत्येकाने आदराने पाहावी अशी आहे. त्यांना कोणाची दया नको आहे. सुका माल सुका मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. स्वच्छ, कोरडी बाटली म्हणजे त्यांच्यासाठी रोख उत्पन्न. खरकट्यात लडबडलेली बाटली म्हणजे कापलेले बोट, त्वचेचा विकार आणि हातून गेलेली मजुरी.

हिंदू समाजाच्या एकात्मतेसाठी झालेल्या प्रयत्नांचा वारसा महाराष्ट्राला लाभला आहे. रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांसाठी खुले झाले आणि जातिभेदाच्या भिंती मोडण्यासाठी सहभोजने झाली. सेनापती बापट पारनेरच्या रस्त्यांवर स्वतः झाडू घेऊन उतरत. संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी गाव झाडून काढीत आणि मगच कीर्तनाला उभे राहत. ही नावे प्रत्येक कार्यक्रमात आदराने घेतली जातात. परंतु समरसतेची कसोटी केवळ पंगतीत लागत नाही. पंगत उठल्यावरही ती लागते. एका पंगतीत शेजारी बसलेल्या बांधवाच्या हाती दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घराचे खरकटे मिसळलेला डबा पडत असेल, तर ते सहभोजन अपुरेच राहिले असे म्हणावे लागेल.

येथे कोणावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. डबा टाकणाऱ्या गृहिणीच्या मनात कोणाविषयी अनादर नसतो. तिला तो हात दिसतच नाही. तो हात दिसू लागावा, एवढ्यासाठीच हा सारा विचार.

शहराचा भार गावाच्या माथी

घराने न निवडलेला कचरा शहराबाहेर जातो, असे म्हटले जाते. पण शहराचे ‘बाहेर’ म्हणजे कोणाचे तरी गाव असते. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी आणि माश्या यांनी ग्रामस्थांना हैराण केले. २०१७ मध्ये तेथील कचरा डेपोला आग लागल्यानंतर ग्रामस्थांनी शहराच्या गाड्या अडवल्या आणि पुण्याच्या चौकाचौकांत कचरा साचला. मुंबईत देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. अशा आगींना प्लॅस्टिकचे इंधन मिळते. ते वेळीच वेगळे निघाले असते, तर त्याचा दाणा झाला असता.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. तो पाऊस अभूतपूर्वच होता. पण नाले प्लॅस्टिकने तुंबलेले असल्याने पाण्याला वाट मिळाली नाही, हेही तेव्हा स्पष्ट झाले. त्यानंतर २००६ मध्ये राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले, मार्च २०१८ मध्ये अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी झाली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. तीन वेळा नियम करावे लागले, यातच समाजाची शिस्त कोठे कमी पडली ते कळते.

गोमातेचे दुःखही याच कचऱ्यातून जन्मते. भाजीची देठे आणि शिळी पोळी पिशवीत बांधून फेकली, की गाय अन्नाच्या वासाने ती पिशवीसह गिळते. प्लॅस्टिक पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. ते पोटात साचत जाते, गाय खाणे सोडते आणि झिजून मरते. पशुवैद्यांनी शस्त्रक्रिया करून गायींच्या पोटातून किलोगणती प्लॅस्टिक काढल्याची उदाहरणे देशभर आहेत. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करणाऱ्या घराने ओले आणि सुके वेगळे ठेवणे, हीसुद्धा गोसेवाच आहे.

दोन आक्षेप

या विषयावर बोलताना दोन आक्षेप नेहमी पुढे येतात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा, की घरात वेगळा केलेला कचरा पालिकेची गाडी एकत्रच करते. मग कष्ट कशासाठी? काही ठिकाणी असे घडते, हे नाकारता येणार नाही. परंतु २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गवारीचे कर्तव्य घरावर आणि वेगळा कचरा वेगळाच वाहून नेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर घातले. स्वतःचे कर्तव्य करणाऱ्या नागरिकालाच दुसऱ्याला त्याच्या कर्तव्याची आठवण देण्याचा अधिकार पोहोचतो. शिवाय स्वच्छ सुक्या प्लॅस्टिकसाठी गाडीची वाटही पाहावी लागत नाही. चाळीस घरांच्या गृहनिर्माण संस्थेने एक कोपरा ठरवून महिन्याचा माल एकत्र केला, तर भंगारवाला स्वतः दारात येतो. इंदूर शहर २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग अग्रस्थानी राहिले. त्यामागे प्रशासनाची कडक शिस्त होती, तशीच घरोघरी वेगळा कचरा देण्याची सवयही होती.

दुसरा आक्षेप असा, की वस्तू बनवणारे उद्योग नामानिराळे राहतात आणि सारा भार गृहिणीवर पडतो. यात तथ्य आहे. म्हणूनच उत्पादकांनी बाजारात आणलेल्या वेष्टनांच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांच्यावर टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू केली. ग्राहकाच्या हातीही एक शस्त्र आहे. एकाच पदार्थाची, निवडण्यास सोपी वेष्टने वापरणाऱ्या उत्पादनास त्याने पसंती द्यावी. पारदर्शक डब्यापासून कोणत्याही रंगाची वस्तू होऊ शकते. काळ्या डब्यापासून काळीच. हे समजणारा ग्राहक उपाहारगृहाच्या मालकाला डबा बदलण्यास सांगू शकतो, किंवा त्याहून चांगले म्हणजे घरचा डबा घेऊन जाऊ शकतो.

पुनर्वापराच्या आधी

पुनर्वापराची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काच आणि धातू पुनःपुन्हा वितळवता येतात. प्लॅस्टिकची प्रत मात्र दर वेळी उतरते. बाटलीचा धागा होतो, डब्याची कुंडी होते आणि कुंडीनंतर पुढे फारसे काही होत नाही. अनेक थरांच्या वेष्टनांचे तर वेगळे पदार्थ सुटेच करता येत नाहीत. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी असे टाकाऊ प्लॅस्टिक रस्त्याच्या खडीवर वितळवून डांबराबरोबर वापरण्याची पद्धत विकसित केली. त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. ही भारतीय प्रज्ञेची अभिमानास्पद देणगी आहे. तरीसुद्धा रस्ता हा उपाय आहे, टाकण्याचा परवाना नव्हे.

म्हणून पहिले पाऊल नकाराचे. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभासाठी ‘एक थैला, एक थाली’ अभियानातून देशभरातील घरांनी कापडी पिशव्या आणि धातूच्या थाळ्या पाठवल्या. कोट्यवधींच्या मेळ्यात जे घडू शकते, ते गल्लीतील गणेशोत्सवात आणि मंदिरातील महाप्रसादात का घडू नये? संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण, समरसता, कुटुंब प्रबोधन, स्व-आधारित जीवन आणि नागरिक कर्तव्य ही पाच सूत्रे आहेत. विसळून वाळवलेल्या एका डब्यात ही पाचही सूत्रे एकत्र येतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

एक महिन्याचा संकल्प

अखेरीस कृतीचा भाग. वस्तीतील प्रत्येक कार्यकर्त्याने पहिल्या आठवड्यात दोन व्यक्तींना भेटावे. एक, जवळचा भंगारवाला. तो कोणता माल घेतो, कोणता घेत नाही आणि का, हे समजून घ्यावे. दुसरी, वस्तीतील कचरा नेणारी भगिनी. तिचे नाव विचारावे, तिला काय अडचण होते ते ऐकावे. या दोन भेटींतून मिळालेली माहिती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दहा घरांत द्यावी. प्रत्येक घराने मोरीशेजारी एक जाळीची टोपली ठेवावी आणि विसळलेले डबे तीत पालथे घालावेत. मुलांना बुडाशी छापलेले अंक शोधण्याचे काम द्यावे. ती हे काम मोठ्यांपेक्षा अधिक निष्ठेने करतात.

महिना पूर्ण झाल्यावर या कार्यक्रमाचा अहवाल मात्र कार्यकर्त्याने लिहू नये. तो त्या भगिनीने तोंडी द्यावा. तिच्या हाती येणारा माल कोरडा होता का, तो विकला गेला का, आणि त्या दहा घरांत तिला कोणी नावाने हाक मारू लागले का, या तीन प्रश्नांची तिने दिलेली उत्तरे हीच संकल्पाच्या यशाची खरी नोंद होय.